वाचून कळेल एवढी झाली की

शिओमी,
१९ मे

प्रिय चिनात्सु,

इकडे भाताची रोपं लागली. मागच्या शेतात पाणी भरलंय आणि संध्याकाळ झाली की बेडूक वर्ग भरवतात. हजेरी घ्यायला कुणी नाही, तरी सगळे एकदम ‘हजर’ म्हणतात. कोबेला उकाडा सुरू झाला असेल. ओगातारावांना माझा नमस्कार सांग. कानाएला दात येतायत असं तू लिहिलंस. गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं चावायला दे. तुझी आई तुला तेच द्यायची, आणि तू ते फडकं तीन वर्षांची होईपर्यंत सोडलं नव्हतंस.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. शेजारच्या तानिगुची काकू परवा मासळी देऊन गेल्या आणि वर टोमणाही. “मास्तर, नातीला काटे काढायला शिकवा. कविता चावून पोट भरत नाही.” मी म्हटलं, “काकू, माझं इतकी वर्षं भरलं.” त्या म्हणाल्या, “दिसतंय की, सदरा खांद्यावरून घसरतोय!”

तुझी इतोहाही मजेत आहे. उंची दोन बोटं वाढली. तिचं पहाटेचं काम चुकत नाही. तुझ्या आईच्या तसबिरीपुढे ताज्या भाताची वाटी ठेवते, उदबत्ती लावते, मग शाळेत जाते. तुझं पत्र आलं की तेही आधी तिथेच ठेवायचं, आईला दाखवायचं आणि मगच मी उघडायचं, हा आपला जुना रिवाज ती माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळते.

आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी तिच्या वर्गशिक्षिका शिनजो बाई घरी येऊन गेल्या. मे महिन्यात वर्गशिक्षक घरोघर जातात, तशाच. प्रत्येक घरी दहा मिनिटं. आपल्याकडे त्या चाळीस मिनिटं बसल्या आणि चहाला हात लावला नाही. मी सदतीस वर्षं अशीच घरं हिंडलोय. चहा गार होऊ देणारा शिक्षक काहीतरी घेऊन आलेला असतो.

“मास्तर, इतोहाने दुसरीच्या वर्गातलं पुस्तकांचं कपाट संपवलं.”

“संपवलं म्हणजे?”

“म्हणजे संपवलं. आता ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा सूचनाफलक वाचते. परवा मला म्हणाली, बाई, सातव्या ओळीत तारीख चुकलीय. आणि खरंच चुकली होती.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना इतोहाची वाचनपातळी शहरातल्या शिक्षण केंद्रात तपासून घ्यायची आहे. पातळी कळली की कोणती पुस्तकं द्यायची, वाचनाच्या तासाला पाचवीच्या वर्गात बसवायचं का, हे ठरवता येईल. पालक म्हणून माझी सही हवी.

“तुम्ही रोज तिचं प्रकटवाचन ऐकता. तुमच्या मते ती कितवीचं वाचते?”

मी म्हटलं, “तिसरीचं असेल.”

त्याच वेळी इतोहा पडवीत बसून, कांद्याच्या पातीला गुंडाळून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रातला अग्रलेख मांजराला मोठ्याने वाचून दाखवत होती. शिनजो बाईंनी पडवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कागद पुढे सरकवला. मी सही केली.

रोजचं प्रकटवाचन म्हणजे तुझ्या वेळी होतं तेच. मुलाने घरच्या कुणासमोर धडा मोठ्याने वाचायचा आणि ऐकणाऱ्याने कार्डावर खुणा करायच्या. तीन रकाने आहेत: आवाज, न अडखळणं, भाव. उत्तम असेल तर दोन वर्तुळं, बरं असेल तर एक, कच्चं असेल तर त्रिकोण. पहिल्या दोन रकान्यांत मी तिला दोन वर्तुळं देतो. भावाच्या रकान्यात एकच. भावाच्या बाबतीत मी जुन्या वळणाचा आहे.

डिसेंबरात तू तिच्या नावाचं जे पाकीट माझ्या पत्रात घालून पाठवलंस, ते आहे तिथेच आहे. आईच्या देव्हाऱ्याखालच्या खणात, उदबत्त्यांच्या पुड्यांशेजारी. तुझं लग्न, ओगाताराव, धाकटी बहीण, सगळं त्यात आहे, आणि इतोहाला ह्यातलं काहीच ठाऊक नाही. तिच्या लेखी तू अजून कोबेला एकटी राहून नोकरी करतेस आणि दर रविवारी फोन करतेस. तू मला लिहिलं होतंस, “तोंडाने सांगणं मला जमणार नाही, बाबा. वाचून कळेल एवढी झाली की द्या. ते तुम्हीच ठरवा, मास्तर आहात.” ते पत्र तिला दिलं की पुढच्या सत्रापासून ती तुझ्याकडे, कोबेच्या शाळेत, हेही आपलं ठरलेलं आहे. मी विसरलेलो नाही.

पण घाई नको. वाचता येणं वेगळं आणि कळणं वेगळं. शाळेत माझ्याकडे एक मुलगा होता, मच्छीमाराचा. चौथीच्या पुस्तकात धुक्यातल्या नावाड्याची कविता होती. ती तो अशी चालीवर म्हणायचा की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास थांबायचा. एकदा कविता संपवून तो बसला आणि त्याने हळूच विचारलं, “गुरुजी, तो नावाडी परत आला का?” शेवटच्या कडव्यात नाव रिकामी येते, हे त्याने शंभर वेळा गायलं होतं. मला ती कविता अजून पाठ आहे. त्या मुलाचा आवाजही. खिडकीतून मिठागराचा वास यायचा आणि फळ्यावर माझं अक्षर तेव्हा सरळ होतं.

असो. केंद्रातली तारीख ठरली की कळवतो.

तुझे,
बाबा

*

शिओमी,
१६ जून

प्रिय चिनात्सु,

उमेच्या झाडाला आंबट फळं या वर्षी भरपूर आली. लोणच्यासाठी मिठात घालून वर दगड ठेवला. आईच्या हातची चव येत नाही, पण तोंड तेवढंच वाकडं होतं. तुला जुलैअखेर बरणी पाठवीन.

गेल्या बुधवारी शिक्षण केंद्रात जाऊन आलो. तपासणारे गृहस्थ मुनाकाता नावाचे, तिशीतले, फार सभ्य. मी निवृत्त शिक्षक आहे हे कळल्यावर त्यांनी मला खोलीत मागे बसू दिलं, एका अटीवर. “मास्तर, मान हलवायची नाही.” मी म्हटलं, “म्हातारी मान आहे, आपोआप हलली तर?” ते म्हणाले, “मग आडवीही हलवा, म्हणजे तिला काही कळणार नाही.”

आधी सुटे शब्द वाचायचे. कार्डं एकेक समोर येत होती, सोप्याकडून अवघडाकडे. सहावीच्या गठ्ठ्यापाशी मुनाकाता सरांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. मग उतारे. ती मोठ्याने वाचते आणि ते आपल्या प्रतीवर चुकांच्या खुणा करतात. खुणा करायला फार काही मिळालं नाही त्यांना. समुद्राच्या प्रवाहांवरचा उतारा नववीचा होता. तिने तो वाचून, मिटून, आपल्या शब्दांत सांगितला, आणि वर म्हणाली, “ह्यात आमच्या खाडीचं काही नाही.” मुनाकाता सरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “तुमच्या खाडीत काय आहे?” पाच मिनिटं परीक्षा बाजूला राहिली.

शेवटचा उतारा सोपा होता. तिसरी-चौथीचा. एका मावशीने भाच्याला लिहिलेलं पत्र. मावशी लिहिते, आमचं घर लहान आहे, जिना अरुंद आहे, शाळाही जरा लांबच आहे, पण तुला वाटलं तर ये. खाली एकच प्रश्न. भाच्याने यावं असं मावशीला वाटतं का? कशावरून?

इतोहाने ती जागा कोरी सोडली.

मुनाकाता सरांनी थोडा वेळ दिला. “नाही येत?” तिने मान हलवली. “काहीही लिही, चुकलं तरी चालेल.” तिने पेन्सिल टोपण लावून पेटीत ठेवली.

नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं. अशी मुलं असतात म्हणे. शब्द नववीचे, माहिती नववीची. पण ओळींच्या मधलं, माणूस जे लिहीत नाही ते, वयाप्रमाणेच. आठ वर्षांच्या मुलीला आठ वर्षांचंच. काळजी करू नका. पुस्तकं पुढची द्या, माणसं मात्र तिच्या वयाचीच ठेवा. अहवालात तसंच लिहिलंय, प्रत सोबत जोडतो.

तेव्हा चिनात्सु, तज्ज्ञाचं मतही माझ्यासारखंच पडलं. तुझं पत्र नववीच्या शब्दांचं नाही, पण ते सगळं ओळींच्या मधलंच आहे. आत्ता दिलं तर ती वाचेल आणि तिला कळणार नाही. या सत्रापुरतं थांबलेलंच बरं. कदाचित या वर्षापुरतंच. ओगातारावांनाही तेवढा अवधी मिळेल.

परतताना बसमध्ये तिने एकदाच विचारलं, “आजोबा, मी नापास झाले का?”

“ह्यात नापास नसतं.”

“बरं,” असं म्हणून ती खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत बसली. नेहमी मोठ्याने वाचते. त्या दिवशी मनात.

एक गोष्ट लिहायची राहिली. उत्तर येत नसलं की मूल कुठे बघतं, हे मी सदतीस वर्षं पाहिलंय. छताकडे बघतं, शेजाऱ्याच्या वहीत बघतं, पेन्सिल चावतं. त्या कोऱ्या जागेपाशी इतोहा माझ्याकडे बघत होती. बहुधा थकली असेल.

जपून राहा. कानाएचा फोटो पोचला. तो मी माझ्या पेटीत ठेवलाय.

तुझे,
बाबा

*

शिओमी,
८ जुलै

चिनात्सु,

हवापाण्याचं आज लिहीत नाही.

परवा सोमवारी, जेवणाआधी, इतोहा प्रकटवाचनाला बसली. नेहमीसारखीच, चटईवर गुडघे मुडपून, पाठ ताठ, शेजारी कार्ड. या आठवड्यात शिनजो बाईंनी ‘आवडेल ते वाचा’ असं दिलं होतं. मी चष्मा पुसत होतो.

“आजोबा, आज पत्र वाचते.”

मला वाटलं, पुस्तकात पत्रलेखनाचा धडा आहे, तोच असेल. “वाच.”

तिने मांडीवरून पाकीट उचललं. तुझं. माझ्या हातातला चष्मा तसाच राहिला, म्हणून मला तिचा चेहरा धूसर दिसत होता. आवाज मात्र स्पष्ट. ‘इतोहा, हे पत्र तुझ्या हाती येईल तेव्हा तू मोठी झालेली असशील’ इथपासून ते शेवटच्या तुझ्या नावापर्यंत. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला श्वास घेतला. ‘तुला एक धाकटी बहीण आहे’ ह्या ओळीवर अडखळली नाही, घाईही केली नाही. मग कागद जुन्या घड्यांवरच दुमडला, पाकिटात घातला आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

“झालं. खुणा करा.”

मी विचारलं, “कधी वाचलंस?”

“फेब्रुवारीत. उदबत्त्या संपल्या होत्या. नवा पुडा काढायला खण उघडला, तर वरच माझं नाव. माझं नाव होतं म्हणून वाचलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

पाच महिने, चिनात्सु. पाच महिने दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलली. तू कानाएला आतल्या खोलीत ठेवून बोलत होतीस, आणि ती इकडे ते ओळखून बोलत होती. मी तिला म्हटलं, आईला तरी विचारायचंस. ती म्हणाली, “आई ‘जेवलीस का’ विचारते, मी ‘हो’ म्हणते. ते प्रकटवाचनच आहे.”

मग मला तो कोरा प्रश्न आठवला.

“मावशीच्या पत्राचं उत्तर तुला येत होतं?”

“येत होतं.”

“मग लिहिलं का नाहीस?”

ती थोडा वेळ कार्डाचा कोपरा सरळ करत बसली. “मी लिहिलं असतं, मावशीला तो यायला नकोय. मग मुनाकाता सरांनी लाल पेनने ‘बरोबर’ लिहिलं असतं.”

तिने पाकीट पुन्हा उघडलं आणि कागद माझ्यासमोर धरला. “आईनेही चार वेळा लिहिलंय, ‘तुला वाटलं तर’. मोजा. ‘ये’ एकदाही नाही लिहिलं.”

हे पत्र मी डिसेंबरपासून वीसेक वेळा वाचलंय. मुलांचे निबंध तपासण्यात आयुष्य गेलं माझं. मी मोजलं नव्हतं. मोजलं. चार.

मी तुझी बाजू मांडली, हे तुला कळावं म्हणून लिहितो. म्हटलं, तुझी आई लहानपणापासून तशीच आहे. मागून नकार मिळण्यापेक्षा ती मागतच नाही. ‘ये’ लिहिलं आणि तू नाही म्हणालीस तर, ह्या भीतीने तिने दार नुसतं लोटून ठेवलंय. इतोहाने सगळं ऐकून घेतलं.

“असेल,” ती म्हणाली. “पण ते दोन्ही तऱ्हांनी वाचता येतं. मी रोज वाचते. कधी ‘ये’ असं वाटतं, कधी ‘नको’ असं. काल ‘ये’ होतं.”

“आणि आज?”

“आज मोठ्याने वाचलं. मोठ्याने वाचताना काहीच कळत नाही.”

आता माझं. तू मला परीक्षक नेमलंस. ती तुझं पत्र वाचू शकेल हे मला जानेवारीतच कळलं होतं. हिवाळ्याच्या सुट्टीत तिने माझ्या जुन्या विद्यार्थ्याची शोकपत्रिका वाचली आणि विचारलं होतं, “ह्यांनी ‘अल्पशा आजाराने’ लिहिलंय, पण पुढे ‘सर्वांनी क्षमा करावी’ का लिहिलंय?” ओळींच्या मधलं वाचता न येणारं मूल असं विचारत नाही. तरी तुला मी दर पत्रात ‘अजून नाही’ लिहिलं. शिनजो बाईंना ‘तिसरीचं’ म्हणालो. भावाच्या रकान्यात एकच वर्तुळ देत राहिलो, कारण कार्ड शाळेत जातं, शाळेतून पातळी ठरते आणि पातळी ठरली की ते पाकीट. केंद्रात ती कोरी जागा पाहून मला बरं वाटलं. नातीला उत्तर आलं नाही म्हणून बरं वाटणारा मी सदतीस वर्षांतला पहिलाच मास्तर असेन.

मला ती इथेच हवी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली.

हेही तिला कळलेलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, “ते माहितीय. तुम्ही मला चांगले मार्क देत नाही ना, तेव्हाच कळलं.” आणि वर, तानिगुची काकूंच्या तोंडची भाषा, “मास्तरांना लबाडी जमत नाही, सदरा घसरतो.” मी हसलो. मग आम्ही जेवलो. मासळीचे काटे तिने माझ्या पानातलेही काढून दिले.

कार्डावर मी खुणा केल्या. तिन्ही रकान्यांत दोन-दोन वर्तुळं. ‘काय वाचले’ ह्या जागी तिने स्वतः ‘पत्र’ असं लिहिलं होतं. शिनजो बाईंचा दुसऱ्या दिवशी फक्त लाल शिक्का आला, शेरा नाही. शहाणी बाई आहे.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. फोनवर नको, या रविवारी ती त्याबद्दल बोलणार नाही असं तिने मला बजावून सांगितलंय. तिला कोबेला जायचंय की इथेच राहायचंय, हे मी विचारलं. “आधी आईने सांगू दे,” म्हणाली. ते बरोबर आहे. आठ वर्षांच्या मुलीने आधी बोलायचं नसतं. आपण दोघांनी तिला ते करायला लावलं होतं.

नवं पत्र लिही. अवघड शब्द टाळायची गरज नाही, ते तिला येतात. ‘तुला वाटलं तर’ तेवढं टाळ. ती हवी असेल तर ‘ये’ असं लिही. खोली लहान असेल, ओगातारावांची तयारी नसेल, तुलाच दोन मुलींचं झेपत नसेल, तर ‘आत्ता नको’ लिही, आणि का, तेही. तुला लिहिताना लाज वाटेल. वाटू दे. तू अठरा वर्षांची असताना मी तुला स्टेशनवर सोडायला आलो तेव्हा ‘थांब’ म्हणणार होतो आणि ‘जेवण वेळेवर घे’ म्हणालो. तुझा हात माझ्याच वळणाचा आहे, म्हणून तुला रागावायचा मला अधिकार नाही. नुसतं सांगतोय.

पाकिटावर तिचंच नाव घाल. चिकटव. आधी आईच्या तसबिरीपुढे ठेवू, मग ती उघडेल. मी समोर बसणार नाही.

आम्ही दोघंही टपालाची वाट पाहतोय. तिला कोणतं उत्तर हवंय ते मला वाचता आलेलं नाही. माझं तू वाचलंच असशील. ते हिशेबात धरू नकोस.

तुझा बाप,
हिसाओ